घरावरून गेलेली तार घरात कधी आली? चॅटनूगाच्या ब्रॉडबँडचं प्रकरण

सप्टेंबर 2010 मध्ये अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहराच्या वीज मंडळाने जाहीर केलं की आपल्या हद्दीतल्या प्रत्येक घराला आणि प्रत्येक दुकानाला सेकंदाला एक गिगाबिट (म्हणजे 1,000 मेगाबिट) वेगाचं इंटरनेट मागाल तेव्हा मिळेल. हद्द सुमारे 600 चौरस मैलांची आणि घरं-व्यवसाय मिळून जवळपास 1 लाख 70 हजार. शहराच्या मध्यावरच्या कचेऱ्या त्यात होत्या, तशीच गावाबाहेर डोंगराच्या उतारावर एकेकटी उभी असलेली घरंही होती. दर होता महिन्याला 350 डॉलर.

त्यानंतर दहा वर्षांनी, जुलै 2020 मध्ये, याच भागातल्या सुमारे 28,000 शाळकरी मुलांसाठी मोफत इंटरनेटची योजना आणावी लागली. म्हणजे काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) सरकारी शाळांतली निम्म्याहून जास्त मुलं. यातल्या बहुतेकांच्या घरासमोरच्या खांबावरून देशातल्या सर्वांत वेगवान तारांपैकी एक दहा वर्षं जात होती.

चॅटनूगावर पुष्कळ लिहिलं गेलंय आणि बहुतेक लिखाण पहिल्या परिच्छेदावरच थांबतं. मला दोन्ही परिच्छेद एकत्र वाचावेसे वाटतात. शहराने स्वतः ब्रॉडबँड उभारायचं ठरवलं तर काय साधतं, हे पहिल्यातून कळतं. तार दारापर्यंत नेल्यावरही काय राहून जातं, ते कळायला दुसरा लागतो. छोटे व्यावसायिक आणि वंचित वस्त्या यांच्या दृष्टीने खरं धोरण या दोन तारखांच्या मधल्या दहा वर्षांत घडलं.

खांब आधीच उभे होते

चॅटनूगाचं वीज मंडळ, म्हणजे ईपीबी, ही 1935 साली राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली शहराच्या मालकीची संस्था. नफा वाटायला तिच्याकडे भागधारक नाहीत. टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी या केंद्र सरकारच्या वीजसंस्थेकडून घाऊक वीज घ्यायची आणि ती घरोघर पोचवायची, हे तिचं मूळ काम.

फायबरचा, म्हणजे काचेच्या धाग्यातून माहिती नेणाऱ्या तारेचा, विचार इंटरनेटपासून सुरू झाला नाही, ही गोष्ट महत्त्वाची. मंडळाला वीजजाळं सुधारायचं होतं. झाड पडून तार तुटली की नेमकी कुठे तुटली हे शोधायला गाडी पाठवायची, तोवर अख्खा परिसर अंधारात, ही जुनी रीत बदलायची होती. त्यासाठी जाळ्यावर जागोजागी स्वयंचलित स्विच बसवायचे आणि त्यांनी आपसात बोलायचं, तर मधे भरवशाची आणि वेगवान तार हवी. ती तार फायबरची. मग एकदा सगळ्या हद्दीत फायबर फिरवायचंच आहे, तर त्याच तारेवरून लोकांना इंटरनेट का देऊ नये?

या प्रश्नामागचा हिशेब साधा आहे. फायबरच्या जाळ्यात काचेचा धागा त्या मानाने स्वस्त असतो. पैसा जातो तो खांब, खोदाई, परवानग्या, रस्त्याकडेची जागा आणि माणसांची मजुरी यांत. नव्या कंपनीला हे सगळं शून्यापासून उभं करायचं असतं, त्यामुळे ती आधी दाट वस्ती आणि वरची मिळकत बघते. वीज मंडळाकडे खांब होते, गाड्या होत्या, तारकाम करणारी माणसं होती आणि प्रत्येक घराचा पत्ताही होता. शिवाय वीज सगळ्यांना द्यावीच लागते, तेव्हा विजेसाठीचं फायबर कुणाच्या गल्लीत जायचं आणि कुणाच्या नाही, असा प्रश्नच निघाला नाही. चॅटनूगात श्रीमंत आणि गरीब वस्त्यांत एकाच वेगाची जोडणी उपलब्ध झाली, ती या कारणाने. चांगल्या हेतूला इथे रचनेचा आधार होता.

उलट उदाहरण त्याच काळात कॅन्सस सिटीत दिसलं. तिथे गूगलने 2012 मध्ये फायबर आणताना वस्त्यांना आधी नावनोंदणी करायला सांगितली. ज्या वस्तीत पुरेशी नोंदणी होईल, तिथे तार. नोंदणीला 10 डॉलर. ट्रूस्ट ॲव्हेन्यूच्या पूर्वेकडच्या, बहुतांश कृष्णवर्णीय आणि कमी मिळकतीच्या वस्त्या या नोंदणीत मागे पडल्या, आणि स्वयंसेवकांना घरोघर फिरून त्या पुढे आणाव्या लागल्या. मागणी दाखवा मग सोय मिळेल, हा नियम ऐकायला न्याय्य वाटतो. पण जिथे आजवर इंटरनेटच नव्हतं, तिथे त्याची मागणी आधीच नोंदलेली कशी असेल?

पैशांकडे येऊ. मंडळाने सुमारे 22 कोटी डॉलरचे कर्जरोखे काढले. 2009 च्या आर्थिक उभारी कायद्यातून केंद्राच्या ऊर्जा खात्याने स्मार्ट वीजजाळ्यासाठी सुमारे 11 कोटी 15 लाख डॉलरचं अनुदान दिलं. एकूण खर्च 33 कोटींच्या घरात. अनुदानामुळे दहा वर्षांत पुरं करायचं काम सुमारे तीन वर्षांत झालं. त्याआधी केबल कंपन्यांच्या राज्य संघटनेने आणि कॉमकास्टने मंडळाला कोर्टात खेचलं होतं, सरकारी संस्थेने खाजगी बाजारात उतरू नये म्हणून. ते दावे टिकले नाहीत.

राज्याच्या कायद्याचे काही लगाम मात्र पहिल्यापासून होते. विजेचा आणि इंटरनेटचा हिशेब वेगळा ठेवायचा, विजेच्या पैशाने इंटरनेट पोसायचं नाही, खर्चाच्या खाली सेवा विकायची नाही, आणि विजेच्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचं नाही. पुढे या प्रकरणाला जी वळणं लागली, त्यांतली बरीचशी याच अटींपाशी लागली.

विजेच्या बाजूने काय मिळालं, ते जुलै 2012 च्या वादळात दिसलं. जोराच्या वाऱ्याने सुमारे 80,000 ग्राहकांची वीज गेली. स्विचांनी दोष कुठे आहे ते ओळखलं, तेवढा तुकडा बाजूला काढला आणि वीज दुसऱ्या वाटेने फिरवली. दोन सेकंदांत निम्म्याहून जास्त ग्राहकांकडे दिवे परत लागले. यंत्र चालवणाऱ्या छोट्या कारखानदाराला किंवा शीतकपाटात माल ठेवणाऱ्याला दोन सेकंद आणि दोन तास यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. ब्रॉडबँड धोरणाच्या चर्चेत विजेचा हा भाग वगळला जातो. मला तो मध्यवर्ती वाटतो, कारण इंटरनेटचे ग्राहक अपेक्षेपेक्षा कमी आले असते तरी त्या तारेला करायला काम होतंच.

छोट्या धंद्याला नेमकं काय मिळालं

गिगाबिट म्हटलं की मथळे होतात. 2012 पासून शहरात नवउद्योगांसाठी गिगटँक नावाचा उन्हाळी उपक्रम चालला, बाहेरून तरुण आले, मध्यवर्ती भागातला एक परिसर नवउद्योगांसाठी ‘नवोन्मेष जिल्हा’ म्हणून जाहीर झाला. ते सगळं चांगलंच होतं. पण आधीपासून तिथेच राहून धंदा करणाऱ्या चार-सहा माणसांच्या कचेरीला गिगाबिटची गरज क्वचितच पडते. त्यांचा अडथळा दुसरीकडे असतो.

तो अडथळा अपलोडचा, म्हणजे आपल्याकडून बाहेर पाठवण्याचा. केबलच्या जुन्या जाळ्यांत खाली येणारा वेग मोठा आणि वर जाणारा चिमूटभर असतो, कारण ती जाळी घरात टीव्ही पोचवायला बांधलेली होती. प्रेक्षकाला ते चालतं. धंदा करणाऱ्याला फायली पाठवायच्या असतात: चित्रीकरण, आराखडे, एक्स-रे, छपाईचं काम, रात्रीचा बॅकअप. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने 2015 मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या केली ती 25 मेगाबिट खाली आणि 3 मेगाबिट वर अशी. मार्च 2024 पर्यंत तीच चालली, मग ती 100 आणि 20 झाली.

या आकड्यांना एका कामाच्या दिवसात बसवून पाहू. लग्नाचं चित्रीकरण करणाऱ्या एका माणसाला 5 गिगाबाइटची (एका बाइटचे आठ बिट) फाइल ग्राहकाला पाठवायची आहे. वर जाणारा वेग 3 मेगाबिट असेल तर, तार पूर्ण क्षमतेने चालली असं धरूनही, पावणेचार तासांच्या आसपास लागतात. तेवढ्या वेळात त्याच तारेवर फोन आला तर आवाज तुटतो, कार्ड घासलं तर यंत्र अडकतं. वर जाणारा वेग 100 मेगाबिट असेल तर तीच फाइल सात मिनिटांच्या आत जाते. ईपीबीने पहिल्यापासून दोन्ही दिशांना सारखा वेग दिला. 2013 मध्ये गिगाबिटचा घरगुती दर 70 डॉलरवर आला आणि सर्वांत खालची योजना 58 डॉलरला 100 मेगाबिट झाली, तीही दोन्ही बाजूंनी. छोट्या व्यावसायिकाच्या दृष्टीने मला ही दुसरी बातमी अधिक मोलाची वाटते, जरी गाजली पहिली.

दुसरी गोष्ट जागेची. शहराच्या कडेला स्वस्त भाड्यात बसलेल्या सुताराला, हिशेबनीसाला किंवा दातांच्या डॉक्टरला मध्यवर्ती भागातली तीच सेवा त्याच हद्दीत मिळते, म्हणून चांगल्या इंटरनेटपायी महाग जागा घ्यावी लागत नाही. आणि तिसरी गोष्ट, पर्याय असणं. शहरात एक सक्षम सार्वजनिक पुरवठादार उभा राहिला की बाकीच्यांनाही वेग वाढवावा लागतो. जे ईपीबीचे ग्राहक कधीच झाले नाहीत, त्यांनाही त्यातून काही ना काही मिळतं.

टेनेसी विद्यापीठाच्या चॅटनूगा शाखेतले अर्थशास्त्रज्ञ बेंटो लोबो यांनी पहिल्या दशकाचा हिशेब 2020 मध्ये मांडला. त्यांच्या अंदाजाने समाजाला झालेला लाभ 269 कोटी डॉलरचा आणि त्यातून उभ्या राहिलेल्या नोकऱ्या 9,516. हा आकडा सगळीकडे फिरतो, पण वाचताना एक भान हवं. वीज न गेल्यामुळे वाचलेला पैसाही त्यात धरलेला आहे. त्यामुळे ज्या शहराकडे स्वतःचं वीज मंडळ नाही, त्याने हा आकडा जसाच्या तसा आपल्या प्रस्तावात चिकटवला तर ती आपल्याच नागरिकांची दिशाभूल ठरेल.

350 डॉलरपासून शून्यापर्यंत

कमी मिळकतीच्या कुटुंबांसाठी पहिलं ठोस पाऊल 2015 मध्ये पडलं. शाळेत मोफत किंवा सवलतीचं जेवण मिळणाऱ्या मुलांच्या घरांना नेटब्रिज नावाच्या योजनेत 100 मेगाबिटची जोडणी 26.99 डॉलरला मिळू लागली. म्हणजे निम्म्याहून कमी दर. आणखी खाली का नाही? कारण कायदा: खर्चाच्या खाली विकायचं नाही. सर्वांत गरजू ग्राहकाला किती सवलत द्यायची, हे शहराने किंवा मंडळाने ठरवलं नाही. ते राज्याच्या राजधानीत आधीच ठरलेलं होतं.

निम्मा दर ऐकायला मोठी गोष्ट वाटते. पण महिनाअखेर भाडं, वीज आणि किराणा यांची ओढाताण असलेल्या घरात 27 डॉलर ही दरमहा नव्याने डोक्यावर येणारी रक्कम असते, आणि एक हप्ता चुकला की जोडणी तुटते. मोबाइल तरी प्रीपेड असतो, पैसे आले की भरता येतो. मासिक बिलाला बांधून घेणं हा गरीब घरासाठी धोका असतो आणि तो धोका न पत्करणारा माणूस अडाणी नसतो, हिशेबी असतो. इंटरनेटचा उपयोग त्यांना कळत नाही असा निष्कर्ष काढणाऱ्या धोरणकर्त्यांवर मला राग येतो.

उपयोग शिकवायचीही गरज होती, हेही तितकंच खरं. बॉस्टनमध्ये सुरू झालेला टेक गोज होम हा कार्यक्रम 2015 पासून चॅटनूगातही चालू झाला. तो चालवणारी एंटरप्राइझ सेंटर ही ना-नफा संस्था शहराबरोबर काम करते. 15 तासांचं शिक्षण, ते पुरं केलं की 50 डॉलरमध्ये क्रोमबुक (साधा लॅपटॉप), आणि परवडणारी जोडणी घ्यायला मदत. शिक्षण, यंत्र आणि तार या तिन्ही गोष्टी एकाच खोलीत, ओळखीच्या माणसाकडून मिळण्यावर भर होता. यातली एकच दिली की उरलेल्या दोन अडून बसतात.

मग मार्च 2020 आला. शाळा बंद झाल्या. घरी इंटरनेट नसणं म्हणजे गृहपाठाची गैरसोय, इथपर्यंतच आजवर मानलं जात होतं. आता शाळाच नाही, असा त्याचा अर्थ झाला. काही महिन्यांत शाळा विभाग, ईपीबी, शहर, काउंटी आणि काही दाते संस्था एकत्र आल्या, 82 लाख डॉलरची तजवीज झाली आणि एचसीएस (हॅमिल्टन काउंटी स्कूल्स) एडकनेक्ट ही योजना उभी राहिली. दोन्ही बाजूंनी 100 मेगाबिट, राउटर सकट, डेटाची मर्यादा नाही, किमान दहा वर्षं. कुटुंबाला बिल येतच नाही.

या योजनेतला मला सर्वांत शहाणपणाचा वाटलेला भाग पात्रतेचा आहे. मोफत किंवा सवलतीच्या जेवणाच्या यादीत असलेलं मूल, सगळ्यांनाच असं जेवण मिळतं अशा शाळेतलं मूल, किंवा सरकारी अन्नसाहाय्य घेणाऱ्या घरातलं मूल: एवढं पुरे. म्हणजे गरिबी एकदा सिद्ध झालेली असताना ती पुन्हा दुसऱ्या खिडकीवर कागद दाखवून सिद्ध करायला लावली नाही. योजना कागदावर कितीही उदार असली तरी माणसं गळतात ती अर्जाच्या रांगेत. मिळकतीचा दाखला मागा, पत्त्याचा पुरावा मागा, मग दोन नोकऱ्या करणारी आई तिसऱ्यांदा रजा काढून येत नाही, आणि अहवालात लिहिलं जातं की प्रतिसाद थंड होता.

हे सगळं 2010 मध्येच करता आलं असतं का? पैसा नव्हता, कायद्याची अट होती, हे मान्य. तरीही मोफत जेवणाची यादी शाळांकडे तेव्हाही होती. शाळा विभाग आणि वीज मंडळ यांनी एका टेबलाशी बसायला महामारी यावी लागली, याची खंत वाटते.

काउंटीच्या रेषेपलीकडे

हद्दीबाहेरच्या लोकांची गोष्ट थोडक्यात. शेजारच्या ब्रॅडली काउंटीतल्या काही घरांपासून ईपीबीची तार जवळ होती, पण विजेचा पुरवठादार वेगळा, म्हणून फायबर नाही. ईपीबीने 2014 मध्ये दूरसंचार आयोगाकडे अर्ज केला. आयोगाने 26 फेब्रुवारी 2015 रोजी 3 विरुद्ध 2 मतांनी राज्याची हद्दीची अट बाजूला सारली. टेनेसी राज्य न्यायालयात गेलं, आणि ऑगस्ट 2016 मध्ये सहाव्या विभागाच्या अपील न्यायालयाने आयोगाचा निर्णय रद्द केला. आपल्याच राज्यातल्या नगरसंस्थांवर राज्याची जी सत्ता असते तिच्यात हात घालायचा स्पष्ट अधिकार संसदेने आयोगाला दिलेला नाही, असं कारण दिलं. 2017 मध्ये राज्याने ग्रामीण वीज सहकारी संस्थांना ब्रॉडबँडची परवानगी दिली, शहरांच्या मंडळांची हद्द मात्र होती तिथेच ठेवली. ज्या शहराला चॅटनूगाची नक्कल करायची आहे, त्याने तंत्रज्ञाच्या आधी आपल्या राज्याचा कायदा जाणणाऱ्या वकिलाला गाठावं.

एकाच घरातली दोन प्रकरणं

शहरांच्या ब्रॉडबँड आराखड्यांत छोटे व्यवसाय आणि वंचित वस्त्या यांची प्रकरणं वेगवेगळी असतात. पहिल्यात वेग, दुसऱ्यात सवलत. चॅटनूगाचं प्रकरण वाचताना ही वाटणी मला पटेनाशी झाली. घरी शिवणकाम करणारी, लोकांची घरं साफ करण्याची कामं घेणारी, मुलं सांभाळणारी, दुरुस्तीची कामं करणारी माणसं याच वस्त्यांत राहतात. त्यांच्या धंद्याला पाटी नसते. त्यांची कचेरी म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल, आणि कामं येतात ती फोनवर. शाळेच्या यादीतून मुलासाठी आलेली जोडणी त्याच टेबलावरून जाते. दिवसा मूल शाळेत असताना तिच्यावरून आईची बिलं पाठवली जाऊ शकतात, कामाचे फोटो चढवले जाऊ शकतात, परवान्याचा अर्ज भरता येतो. तिथे वर जाणारा वेग 3 मेगाबिट न ठेवता 100 ठेवला, ही गोष्ट त्या घरासाठी व्यवसाय धोरणच आहे, जरी ती शिक्षणाच्या रकान्यात लिहिलेली असली.

ऑगस्ट 2022 मध्ये ईपीबीने 25 गिगाबिटची घरगुती सेवा आणली, महिन्याला 1,500 डॉलर. पुन्हा मथळे झाले. त्याच सुमारास सबंध देशात केंद्र सरकारची परवडणाऱ्या जोडणीची योजना चालू होती, पात्र कुटुंबाच्या बिलातले महिन्याला 30 डॉलर सरकार भरत होतं. दोन कोटी 30 लाखांहून जास्त घरं तीत आली. संसदेने नवा पैसा दिला नाही आणि 1 जून 2024 रोजी ती बंद पडली. कोट्यवधी घरांच्या बिलातली सरकारी मदत संपली. एडकनेक्टची जोडणी दर वर्षीच्या केंद्रीय तरतुदीवर टांगलेली नव्हती, दहा वर्षांचा शब्द स्थानिक पातळीवर आधीच दिलेला होता.

तो शब्द जुलै 2020 पासून मोजला तर 2030 मध्ये पुरा होतो. योजना सुरू झाली तेव्हा जे मूल पहिलीत गेलं, ते तेव्हा दहावी संपवून अकरावीत जाईल. त्याच्या शाळेची दोन वर्षं उरलेली असतील.